रोज त्याच जागी थांबणारा रुग्णालयातील रोबोट : दोष नेमका कुठे शोधावा

औषधे, रक्ताचे नमुने, स्वच्छ चादरी असे साहित्य फार्मसी, प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्या दरम्यान स्वतःहून ने-आण करणारा रोबोट ठरलेल्या मार्गावर मध्येच थांबतो. पडद्यावर ‘मार्ग अडलेला आहे’ किंवा ‘स्थान निश्चित होत नाही’ असा संदेश येतो, ड्यूटीवरच्या सिस्टरला हातातले काम बाजूला ठेवून त्याला कडेला घ्यावे लागते, बायोमेडिकल विभागातून कोणीतरी येऊन तो बंद करून पुन्हा चालू करतो, रोबोट निमूटपणे चालू लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा तेच घडते. ही तक्रार ज्या रुग्णालयांत आहे तेथील बायोमेडिकल अभियंते आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर या दोघांसाठी हे टिपण आहे. आमच्या बहुमजली रुग्णालयात हा प्रकार बराच काळ चालू होता, आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की दोष बहुतेक वेळा रोबोटच्या पोटात नसतो. तो लिफ्टमध्ये, वाय-फायमध्ये, फरशीवर किंवा एखाद्या काचेत असतो. तो लवकर सापडत नाही, याचे मोठे कारण म्हणजे घाईने केलेला रीस्टार्ट.

येथे विचार केला आहे तो लिडार (लेसर किरणाने अंतर मोजणारा सेन्सर) आणि साठवलेला नकाशा यांच्या आधारे स्वतः वाट काढणाऱ्या रोबोटचा. कोविडच्या काळात २०२० मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने ‘रक्षक’ नावाचे जे यंत्र केले, ते दूरनियंत्रणाने चालणारे होते. तशा यंत्रांच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्यांचा येथे संबंध नाही.

आधी नोंद, मग रीस्टार्ट

रोबोट थांबला की त्या क्षणी त्याच्या स्मृतीत बरीच माहिती असते : तो स्वतःला नकाशावर कुठे समजत होता, लिडारला समोर काय दिसत होते, सर्व्हरशी शेवटचा संपर्क केव्हा झाला, चाकांनी किती अंतर कापले असे त्याला वाटत होते. अनेक यंत्रांत यातला काही भाग रीस्टार्टबरोबर पुसला जातो. म्हणून यंत्र बंद करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पडद्याचा फोटो काढावा, रोबोट आहे त्या जागी त्याच्या चारही बाजूंचा फोटो काढावा आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवावी. हे काम सिस्टरने करावे अशी अपेक्षा मात्र धरू नये, कारण तिच्या पदरात आधीच पुरेसे काम आहे. वॉर्डबॉयला किंवा हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरला ते एकदा दाखवून दिले तर पुरते.

वेळेच्या बाबतीत एक खाचखळगा आहे, जो माहीत नसल्यास सगळी नोंद वाया जाते. रोबोटचा लॉग, म्हणजे त्याने स्वतः ठेवलेली घटनांची नोंद, पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेला असतो, जी आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये सकाळी १०:४० ला थांबल्याची नोंद असते आणि लॉगमध्ये १०:४० ला काहीच घडलेले दिसत नाही, कारण ती घटना तेथे ०५:१० या वेळेखाली नोंदलेली असते. मग व्हेंडरचा माणूस ‘लॉगमध्ये काही दोष नाही’ असे कळवून मोकळा होतो. रोबोट, त्याचा सर्व्हर, वाय-फायचा कंट्रोलर आणि लिफ्टचा पॅनेल या चौघांच्या घड्याळांत किती फरक आहे, हे सर्वांत आधी तपासून कागदावर लिहून ठेवावे आणि शक्य असेल तेथे सर्वांना एकाच वेळ-सर्व्हरशी जोडावे.

अशा पुरेशा नोंदी जमल्या की त्या मजल्याच्या नकाशावर खुणा करून मांडाव्यात. जागा तीच आणि वेळ कोणतीही, असे दिसले तर दोष इमारतीच्या रचनेत शोधावा : काच, चकचकीत स्टील, उतार, लिफ्टचा उंबरा. वेळ तीच आणि जागा बदलती असेल, तर त्या वेळी रुग्णालयात काय चालते ते पाहावे : ओपीडीची गर्दी, फरशी पुसणे, नातेवाइकांच्या भेटीची वेळ, जनरेटरची चाचणी. जागाही बदलते आणि वेळही बदलते, तेव्हाच यंत्राकडे वळावे, म्हणजे चाके, बॅटरी आणि सेन्सरची काच. आमच्या अनुभवात लोक हा क्रम नेमका उलटा लावतात आणि पहिल्याच दिवशी यंत्र उघडून बसतात.

लिफ्ट

सर्वाधिक वेळ येथे जातो, म्हणून याविषयी विस्ताराने लिहितो. जोसेफ एंगेलबर्गर यांच्या कंपनीचा ‘हेल्पमेट’ हा रोबोट १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॅनबरी हॉस्पिटलमध्ये फिरू लागला, आणि तेव्हापासून लिफ्ट मिळवणे हा या यंत्रांपुढचा स्वतंत्र प्रश्न राहिला आहे. आज त्याची दोन प्रकारची उत्तरे दिसतात. बहुतेक रोबोट लिफ्टच्या कंट्रोलरला बसवलेल्या रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा नेटवर्क जोडणीतून लिफ्ट बोलावतात. ऑस्टिनच्या डिलिजंट रोबोटिक्स कंपनीच्या ‘मॉक्सी’सारखे हात असलेले रोबोट माणसाप्रमाणे बटण दाबू शकतात. मात्र आपल्याकडच्या रुग्णालयांत एक गोष्ट अशी आहे जिच्यापुढे दोन्ही प्रकार सारखेच हतबल होतात, आणि ती म्हणजे लिफ्टमनच्या हातातली किल्ली.

लिफ्टमनने केबिनमधली किल्ली फिरवून लिफ्ट अटेंडंट मोडवर घेतली की बाहेरून केलेले बोलावणे ही केवळ सूचना उरते. केबिनमध्ये दिवा लागतो किंवा बझर वाजतो, पण लिफ्ट स्वतःहून त्या मजल्यावर येत नाही आणि दारही लिफ्टमनने बटण दाबल्याशिवाय मिटत नाही. रोबोटच्या दृष्टीने लिफ्ट बोलावलेली आहे, तरीही ती येत नाही. त्याची ठरावीक प्रतीक्षा संपते आणि तो लॉबीच्या मध्यभागी ‘लिफ्ट उपलब्ध नाही’ असे सांगत उभा राहतो, जेथे तो पुढच्या स्ट्रेचरला अडथळा होतो. सकाळच्या ओपीडीच्या वेळी आणि संध्याकाळी भेटीच्या वेळी हे घडत असेल, तर दुसरे काही तपासण्यापूर्वी लिफ्टमनशी बोलावे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. ऑपरेशन थिएटरकडे निघालेला रुग्ण आणि औषधांचा ड्रॉवर यांत कोणाला आधी न्यायचे, हे तो बरोबरच ठरवत असतो. यावर उपाय प्रशासनाने करायचा आहे. रोबोटसाठी एक सर्व्हिस लिफ्ट ठरावीक तासांत स्वयंचलित मोडवर ठेवावी, किंवा गर्दीच्या तासांत रोबोटच्या फेऱ्याच त्या मजल्यापुरत्या मर्यादित ठेवून लिफ्टचा प्रवास टाळावा. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि तो अधिक टिकाऊ ठरला, कारण त्यात रोज कोणाला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

अटेंडंट मोड नसतानाही लिफ्ट न थांबता पुढे जात असेल, तर वजनाची मर्यादा पाहावी. केबिन बरीचशी भरलेली असताना मजल्यांवरच्या बोलावण्यांकडे दुर्लक्ष करण्याची सोय बहुतेक लिफ्टमध्ये असते. ती दोष म्हणून दिसत नाही आणि लॉगमध्येही येत नाही.

लिफ्ट आली, दार उघडले, रोबोट आत गेला आणि वरच्या मजल्यावर दार उघडूनही बाहेर पडला नाही, हा दुसरा नेहमीचा प्रकार. केबिन धातूची असते, त्यामुळे आत वाय-फायचा संकेत क्षीण होतो किंवा पार तुटतो. काही रोबोट मजला पोहोचल्याची खातरी सर्व्हरकडून झाल्याशिवाय हलत नाहीत. संपर्क पुन्हा जुळेपर्यंत दार मिटते आणि रोबोट तसाच पुढच्या मजल्यावर जातो. लिफ्टच्या लॉबीत दारासमोर ऍक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा संकेत देणारे यंत्र, असावा, दाराच्या भिंतीमागे नसावा. केबिनमध्येच ऍक्सेस पॉइंट बसवायचा असेल, तर ते काम लिफ्टच्या परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. महाराष्ट्रात २०१७ चा लिफ्ट, सरकते जिने व सरते मार्ग यांविषयीचा कायदा आहे, आणि रोबोट बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने लिफ्टच्या पॅनेलमध्ये वायर जोडणे हे कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या, दोन्ही दृष्टींनी अयोग्य आहे.

तिसरा प्रकार उंबऱ्याचा. युरोपीय मानक ईएन ८१-२० नुसार लिफ्ट मजल्याच्या पातळीपासून १० मिलिमीटरच्या आत थांबली पाहिजे. जुन्या लिफ्टमध्ये हा फरक वाढतो, आणि रोबोटची पुढची लहान चाके तेवढ्या पायरीवर अडतात. मोजण्यासाठी स्टीलची पट्टी पुरते. लिफ्ट रिकामी असताना आणि माणसांनी भरलेली असताना, अशी दोन्ही मापे घ्यावीत.

काच, स्टील आणि लांब कॉरिडॉर

लिडार आपल्याभोवती लेसरचा किरण फिरवतो आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर ठरवतो. बहुतेक वॉर्ड-रोबोटमध्ये हा किरण जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, एकाच पातळीत फिरतो. या एका गोष्टीतून निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. स्वच्छ काचेतून किरण आरपार जातो, त्यामुळे काचेची भिंत त्याला दिसत नाही आणि पलीकडची खुर्ची दिसते. लिफ्टच्या चकचकीत दारावर तो तिरपा पडला की भलतीकडे परावर्तित होतो. रुग्णाच्या पलंगावर सरकवायच्या टेबलाचे पाय त्याला दिसतात, वरची फळी दिसत नाही. आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाइकांनी काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग किरणाच्या पातळीखाली राहतो. रोबोट त्यावर चढतो, एक चाक अधांतरी होते आणि चाक जेवढे फिरले तेवढे अंतर आपण कापले असे तो समजतो. खाली पाहणारे डेप्थ कॅमेरे (चित्राबरोबर अंतरही मोजणारे) असलेल्या यंत्रांत हा त्रास कमी असतो, पण अगदी अंगालगतचा भाग कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

काचेवरचा उपाय स्वस्त आहे : दुधी फिल्मची पट्टी. मात्र ती लिडारच्या उंचीवर लावावी. इंटिरिअरवाले माणसांसाठी छातीच्या उंचीवर रुग्णालयाच्या बोधचिन्हाची पट्टी लावून जातात, आणि काचेवर फिल्म आहेच म्हणून हा मुद्दा तपासणीतून सुटतो.

लांब, सरळ, दोन्ही बाजूंना सारख्याच भिंती असलेल्या कॉरिडॉरमध्ये रोबोटला आपण भिंतींपासून किती दूर आहोत हे नीट कळते, पण कॉरिडॉरच्या लांबीत नेमके कुठे आहोत हे कळत नाही; तेथे तो चाकांच्या मोजणीवर विसंबतो. फरशी नुकतीच पुसलेली असेल तर चाक घसरते आणि मोजणी चुकते. त्यात नकाशा तयार केला त्या दिवशी भिंतीला लावून ठेवलेली स्ट्रेचर आज तेथे नसतील, किंवा आज नव्याने रांगेत उभी असतील, तर त्याचा उरलासुरला आधारही जातो. स्ट्रेचर, व्हीलचेअर आणि सलाईन स्टँड यांच्या जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून द्याव्यात. त्याचा फायदा रोबोटइतकाच माणसांनाही होतो. यंत्रात सोय असेल तर अशा कॉरिडॉरमध्ये परावर्तक खुणा लावून घ्याव्यात.

या ठिकाणी व्हेंडर ‘नकाशा नव्याने बनवू’ असे सुचवतो. मी सहसा त्याला राजी होत नाही. नवा नकाशा त्या दिवशीच्या पसाऱ्यासह बनतो, सगळे थांबे पुन्हा तपासावे लागतात आणि मूळ कारण जागेवरच राहते. बांधकामात बदल झाला असेल, वॉर्ड हलवला असेल, तरच नकाशा बदलावा, आणि तोही रात्री, कॉरिडॉर मोकळा असताना.

वाय-फाय

पडद्यावरचा संदेश बहुधा ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’ असा असतो आणि आयटी विभागाचे उत्तर ‘सिग्नल फुल आहे’ असे असते. दोघेही खरे बोलत असतात. आयटीवाल्यांनी संकेत मोबाईल हातात धरून मोजलेला असतो; रोबोटचा अँटेना कमरेच्या उंचीवर, धातूच्या कपाटाशेजारी असतो. मोबाईल रोबोटच्या अँटेनाजवळ ठेवून, रोबोटच्याच वेगाने पूर्ण मार्ग चालत मोजणी करावी. उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचे माप) क्षीण संकेत कुठे मिळतो ते नकाशावर लिहावे. आवाजाच्या कॉलसाठी वाय-फाय आखताना हीच मर्यादा धरली जाते आणि फिरत्या यंत्रालाही ती लागू पडते.

बहुतेक वेळा संकेत पुरेसा असतो आणि अडचण एका ऍक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना येते. रोबोट जुन्या पॉइंटला चिकटून राहतो, तो अगदी क्षीण झाल्यावर सोडतो आणि नव्याकडे पुन्हा पूर्ण ओळख पटवत बसतो. ८०२.११आर ही जलद हस्तांतराची सोय याच कामासाठी आहे. ती रोबोट आणि कंट्रोलर दोन्हीकडे चालू आहे का ते विचारावे. ५ गिगाहर्ट्‌झमधील ५२ ते १४४ क्रमांकांच्या चॅनेलवर रडारचा संकेत आढळला तर ऍक्सेस पॉइंटला ते चॅनेल सोडावे लागते आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर सुरू होण्यापूर्वी किमान ६० सेकंद ऐकत थांबावे लागते. विमानतळाच्या किंवा हवामान रडारच्या आसपासच्या रुग्णालयांनी रोबोटच्या मार्गावर ही चॅनेल टाळलेलीच बरी.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत यूपीएसवर नसलेले ऍक्सेस पॉइंट बंद पडतात आणि पुन्हा उभे राहायला काही मिनिटे घेतात. जनरेटरच्या साप्ताहिक चाचणीच्या दिवशीच रोबोट थांबत असेल, तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र करू नये. ‘तात्पुरते’ म्हणून रोबोटला नातेवाइकांसाठीच्या खुल्या वाय-फायवर टाकू नये. २०२२ मध्ये सायनेरिओ या संस्थेने एथॉन कंपनीच्या ‘टग’ रोबोटच्या सर्व्हरमध्ये सुरक्षेच्या ५ त्रुटी जाहीर केल्या होत्या. त्यांतून बाहेरच्या माणसाला रोबोटचा ताबा घेणे शक्य होते. कंपनीने त्या दुरुस्त केल्या. रोबोटला वेगळ्या नेटवर्कवर ठेवण्याचे कारण यातून पुरेसे स्पष्ट होते.

स्वच्छता, चाके आणि डॉक

समोर काहीच नसताना रोबोट ‘अडथळा’ म्हणत असेल, तर सेन्सरची खिडकी बोट लावून न पाहता टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावी. फरशी पुसण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे शिंतोडे घोट्याच्या उंचीवरच्या या खिडकीवर उडतात आणि वाळल्यावर पांढरट थर राहतो, जो किरणाला अगदी जवळचा अडथळा वाटतो. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसणेही योग्य नाही. प्लास्टिकच्या खिडकीला अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात आणि मग ती बदलण्यावाचून गत्यंतर नसते. उत्पादकाने सांगितलेले द्रावण आणि धागे न सुटणारे कापड एवढेच वापरावे. हायपोक्लोराइटमुळे चार्जिंग डॉकचे धातूचे संपर्कबिंदूही गंजतात. रोबोट डॉकवर उभा असूनही सकाळी बॅटरी अर्धीच असेल तर प्रथम तेथे पाहावे. चाकांच्या आसाभोवती केस, कापसाचे धागे आणि गॉज गुंडाळले जातात, ते महिन्यातून एकदा तरी काढावेत.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होते आणि रोबोट त्यातून सुटत नाही. झेंडूचा हार नेमका लिडारसमोर लोंबतो, गंधाचे बोट सेन्सरच्या काचेवर उमटते आणि दुपारी ‘रोबोट बिघडला’ असा फोन येतो. पूजेला कोणी हरकत घेऊ नये. हार वरच्या पडद्याच्या मागे बांधावा आणि गंध झाकणावर लावावे, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

कारण सापडेपर्यंत वॉर्डात काय करावे

थांबलेल्या रोबोटच्या ड्रॉवरमध्ये काय अडकले आहे, यावर घाई किती करायची हे ठरते. चादरी तासभर उशिरा आल्याने बिघडत नाही. धमनीतील रक्तवायूंच्या तपासणीचा नमुना प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये खोलीच्या तापमानाला ३० मिनिटांच्या आत तपासला गेला पाहिजे, म्हणून वारंवार थांबणाऱ्या रोबोटवर तो देऊच नये. तो माणसाकरवी पाठवावा. ग्लुकोजच्या तपासणीचे रक्तही वेगळे न करता पडून राहिले तर त्यातील साखर हळूहळू घटत जाते.

निघाल्यापासून किती मिनिटांत रोबोट पोहोचला नाही तर माणूस पाठवायचा, हे प्रत्येक मार्गासाठी ठरवून नर्सिंग स्टेशनवर लिहून लावावे, आणि तो माणूस कोण हेही तेथेच लिहावे. नाहीतर तो निरोप फिरून सिस्टरकडेच येतो. ब्रेक सोडून रोबोट हाताने कसा ढकलायचा, हे रात्रपाळीच्या प्रत्येक वॉर्डबॉयला करून दाखवावे. ड्रॉवर हाताने उघडण्याची किल्ली बायोमेडिकल विभागाच्या कुलूपबंद कपाटात असेल, तर रात्री तिचा काही उपयोग नाही. ती नियंत्रित औषधांच्या कपाटाच्या किल्लीबरोबर इन्चार्ज सिस्टरच्या ताब्यात असावी, आणि ड्यूटी बदलताना तिचीही सहीनिशी देवघेव व्हावी.